पवित्र पाण्यात जंतू असतात म्हणे, मग बोट बुडवायचं की नाही?

या आठवड्याचं पत्र (थोडं छोटं केलंय, नाव अर्थातच देत नाही):

"मॅडम, मी नाशिकरोडला राहते. आमच्या चर्चमध्ये अल्तारची फुलं, साफसफाई वगैरे बघणाऱ्या बायकांच्या ग्रुपमध्ये मी आहे. दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या कुंड्या (आत शिरताना बोट बुडवून क्रूसाची खूण करतात त्या) भरायचं काम मागच्या महिन्यापासून माझ्याकडे आलं. आत हात घातला तर तळ बुळबुळीत लागला. मी विचारलं की पाणी बदलतात कधी, तर म्हणे कमी झालं की वरून घालायचं, आशीर्वाद दिलेलं पाणी कुठे फेकतात का. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की पवित्र पाण्याच्या एका थेंबात करोडो जंतू असतात, ते मी ग्रुपवर टाकलं तर एका काकूंनी मला सरळ विचारलं की तुझी श्रद्धा कमी झाली का. मला फार लागलं ते. आणि घरचं वेगळंच. सासऱ्यांची बायपास होऊन पंधरा दिवस झालेत, त्यांना शुगर आहे. सासूबाई लूर्दहून (फ्रान्समधलं तीर्थक्षेत्र) कुणीतरी आणलेल्या जुन्या बाटलीतलं पाणी रोज त्यांच्या टाक्यांवर शिंपडतात आणि एक चमचा पाजतात. मी काही बोलले तर घरात वाद. माझ्या चार वर्षांच्या मुलालाही त्या देतात. मी काय करू? मीही कुंडीत बोट बुडवायचं बंद करू का?"

ताई, तुम्ही कुंडीपासून सुरुवात केलीत पण मी घरापासून करते, कारण कुंडी रविवारपर्यंत थांबू शकते, सासऱ्यांची जखम थांबू शकत नाही. टाक्यांवर ते पाणी आजपासून बंद. आजपासून म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, उद्या सासूबाईंचा मूड बघून वगैरे नाही. बायपासमध्ये छातीवर टाके असतातच पण बहुतेक वेळा पायातली शीर काढलेली असते त्यामुळे पायावरही लांब जखम असते आणि शुगरवाल्या माणसाची ती पायाची जखम भरायला जास्त वेळ घेते, तिथे ओलावा आणि जंतू दोन्ही पोचले तर इन्फेक्शन व्हायला फार काही लागत नाही. छातीचं इन्फेक्शन आत हाडापर्यंत गेलं तर मग परत ऑपरेशन, परत आयसीयू. एवढं सगळं करून माणूस घरी आणलाय तुम्ही.

आणि हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाहीये. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९९२ साली एक केस छापून आली होती, खूप ठिकाणी जखमा झालेला एक पेशंट, त्याला स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं इन्फेक्शन झालं आणि शोध घेत घेत डॉक्टर पवित्र पाण्यापर्यंत येऊन पोचले. पुढे १९९६ मध्ये हॉस्पिटलमधल्या इन्फेक्शनवरच्या एका जर्नलमध्येही पवित्र पाणी हा एक धोका असू शकतो असा रिपोर्ट आला. हा जो स्यूडोमोनास आहे ना त्याला जगायला फार काही लागतच नाही, सिंकमध्ये, नळाच्या तोंडाशी, बाटलीच्या तळाशी, अगदी डिस्टिल्ड वॉटरमध्येसुद्धा तो वाढतो, मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायचे तेव्हा मुलांचा या गोष्टीवर विश्वासच बसायचा नाही. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. पण भाजलेला पेशंट, ऑपरेशनची जखम, लघवीची नळी, व्हेंटिलेटर, केमो चालू असलेला माणूस, इथे तो घुसतो आणि बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाही.

आतापर्यंत शिंपडलंय त्याचं काय, तर घाबरून जाऊ नका, रोज शिंपडलं म्हणजे इन्फेक्शन झालंच असं नाही. फक्त नीट बघा, जखमेच्या कडा लाल किंवा गरम लागतायत का, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय का, पाणी किंवा पू येतोय का, त्यात हिरवट झाक किंवा विचित्र गोडसर वास आहे का, ताप, थंडी, शुगर अचानक वर. यातलं एकही असेल तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता सर्जनकडे जा, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जखमेवर बाटलीतलं पाणी शिंपडत होतो. लोक हे सांगायला लाजतात. लाजू नका, त्या एका माहितीवरून डॉक्टर पुवाची कल्चर टेस्ट लवकर पाठवतील आणि नेमकं औषध लवकर सुरू होईल.

आता सासूबाई. तुम्ही त्यांना "त्यात जंतू आहेत" असं सांगितलंत की त्यांच्या कानाला ते "तुमच्या देवात जंतू आहेत" असंच ऐकू येणार, मग वाद होणारच. त्या बाईंनी नवऱ्याला ऑपरेशन थिएटरच्या आत जाताना बघितलंय, बाहेर बसून जपमाळ ओढलीय, आता घरी आल्यावर स्वतःच्या हाताने करण्यासारखं त्यांच्याकडे हे एकच उरलंय. ते काढून घेऊ नका, त्याची जागा बदला. पाणी जखमेवर नको, कपाळावर. हात साबणाने धुवून, ताजं आशीर्वादित पाणी अंगठ्याला लावून कपाळावर क्रूसाची खूण, रोज सकाळी, हवं तर तुम्ही सगळे जवळ उभे राहून एक 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणा. नाहीतरी क्रूसाची खूण आपण कपाळावरच करतो, टाक्यांवर कधी करतो? आणि फादरना घरी बोलवा. आजाऱ्यांना तेल लावायचा जो संस्कार आहे तो काही फक्त शेवटच्या घटकेसाठी नाही, मोठ्या आजारातून उठणाऱ्या माणसालाही तो देतात आणि त्यातही तेल कपाळाला आणि हातांनाच लावतात. फादर आले की त्यांच्याच तोंडून सांगायला लावा, "आजी, जखम डॉक्टरांकडे, कपाळ तुमच्याकडे." तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा ते एक लवकर पटेल. फादरना आधी फोन करून परिस्थिती सांगून ठेवा म्हणजे झालं.

पाजायचं मात्र बंद, सासऱ्यांनाही आणि मुलालाही. लूर्दचं पाणी म्हणून त्याच्याबद्दल मनात आदर आहे तो मलाही आहे, १८५८ च्या फेब्रुवारीत बर्नाडेट नावाच्या मुलीला तिथे झरा सापडला तेव्हापासून लोक ते पाणी पितात, भरून नेतात, आपल्याकडे कितीतरी घरांत मरियामातेच्या आकाराची ती निळ्या झाकणाची प्लॅस्टिकची बाटली अल्तारवर असते. पण ते पाणी झऱ्यातून भरताना कसंही असो, तुमच्या घरातल्या बाटलीत ते वर्षानुवर्षं बसलंय, मधे कितीदा उघडलं गेलं, तोंडाला बोट लागलं, एप्रिल-मे मधली आपल्याकडची चाळिशीतली गरमी त्याने खाल्ली, आणि बहुतेक वेळा कमी झालं की त्यात साधं पाणी घालून वाढवलेलंही असतं (विचारून बघा सासूबाईंना, मला जवळपास खात्री आहे). चार वर्षांचं पोर आणि नुकतंच ऑपरेशन झालेला शुगरचा पेशंट, या दोघांना असं पाणी पाजायचं नसतं, मग ते कुठूनही आलेलं असो. पिण्याच्या पाण्याचा आपला भारतीय निकष काय सांगतो, तर १०० मिलीमध्ये ई-कोलाय एकही सापडता कामा नये. एकही. बाटलीतल्या पाण्याची ती खात्री कोण देणार?

सासूबाईंना प्यायलाच हवं असेल तर सोपा मार्ग आहे. घरचं पाणी आधी उकळा, खळखळून उकळी आल्यावर अजून एखाद मिनिट राहू द्या, झाकून गार करा, उकळत्या पाण्याने धुतलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या छोट्या बाटलीत भरा आणि मग ती बाटली मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादरकडे आशीर्वादाला न्या. म्हणजे आशीर्वादित पाणी उकळायचं की नाही हा प्रश्नच येत नाही. थोडंसंच न्या, दोन-तीन दिवसांत संपेल एवढं, फ्रिजमध्ये ठेवा, चमचा कोरडा आणि स्वच्छ, बाटलीला तोंड लावायचं नाही. लूर्दची बाटली अल्तारवर राहू द्या, तिला कुणी हात लावायची गरज नाही. बाळ येशूच्या यात्रेतून, वेलंकनीहून, माउंट मेरीहून आणलेल्या बाटल्या असतील तर त्यांनाही हेच लागू.

आता तो व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज. त्यात खरं आहे तेवढंच खोटंही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते कारण ग्रुपवर तुम्हाला उत्तर द्यायला लागेल.

मूळ अभ्यास ऑस्ट्रियातला आहे, व्हिएन्नाच्या मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी केलेला, त्याची बातमी २०१३ मध्ये जगभर फिरली आणि अजून फिरतेच आहे. त्यांनी दोन वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या आणि मेसेजमध्ये त्यांची खिचडी केलेली असते. एक, ऑस्ट्रियातले २१ पवित्र झरे, म्हणजे जिथे लोक श्रद्धेने जाऊन पाणी पितात ते. दुसरं, व्हिएन्नातल्या १८ चर्च आणि हॉस्पिटल चॅपलमधल्या दाराजवळच्या कुंड्या. झऱ्यांच्या पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू सापडले, ई-कोलाय, एंटरोकोकस, जुलाब लावणारा कॅम्पायलोबॅक्टर, शिवाय शेतीतून झिरपणारं नायट्रेट, आणि फक्त १४ टक्के नमुने असे निघाले की ज्यात विष्ठेचं प्रदूषण नव्हतं. कुंड्यांमध्ये एका मिलीलिटरला ६ कोटी २० लाखांपर्यंत बॅक्टेरिया मोजले गेले. "पर्यंत" हा शब्द मेसेजमधून गळतो, तो सगळ्यात खराब कुंडीचा आकडा आहे, सगळ्यांचा नाही. आणि ज्या चर्चमध्ये गर्दी जास्त तिथे जंतू जास्त, हे तर आपल्यालाही न मोजता कळलं असतं. त्याआधी २००२ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलच्या चर्चमधल्या कुंड्यांवरही एक अभ्यास आला होता, त्यातही रोग करू शकणारे जंतू सापडले होते. म्हणजे एकाच ठिकाणचा योगायोग नाही हा.

पण कोटीचा आकडा ऐकून जे चित्र डोळ्यासमोर येतं ते चुकीचं आहे. आपल्या कातडीवर, तोंडात, पोटात कोट्यवधी जंतू कायमच असतात आणि त्यातले बहुसंख्य काही करत नाहीत. कुंडीतलेही बरेचसे तसलेच. बोटाचं टोक बुडवून कपाळाला लावलं, कातडी फाटलेली नाही, तर धोका अगदी कमी. बसमधला दांडा, एटीएमची बटणं, भाजीवाल्याच्या नोटा आपण धरतोच की, कुंडीची भीती त्यापेक्षा वेगळी बाळगायचं कारण नाही. धोका सुरू होतो तो पाणी तोंडात, डोळ्यात किंवा जखमेत गेलं की. म्हणून तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर: बोट बुडवायचं बंद करायची गरज नाही. बोटाला चिरलेलं असेल, डोळे आलेले असतील, सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी नुसती क्रूसाची खूण करा, आणि बुडवलेलं बोट नंतर डोळ्यात, तोंडात नको, प्रसादाआधी हात पुसून घ्या. केमो चालू असलेल्या किंवा किडनी बदललेल्या माणसाने मात्र गर्दीच्या कुंडीपासून लांबच राहावं असं मी सांगेन.

तो बुळबुळीतपणा आता, ज्यावरून हे सगळं सुरू झालं. तुमच्या हाताला जे लागलं ते शेवाळ असेलच असं नाही, त्याला बायोफिल्म म्हणतात. माठ बरेच दिवस घासला नाही की आतून जसा बुळबुळीत होतो तसंच. जंतू तळाला आणि कडेला चिकटतात, स्वतःभोवती एक चिकट थर करतात आणि त्या थराच्या आत सुरक्षित राहतात. नुसतं पाणी ओतून दिलं तरी थर तिथेच, वरून नवीन पाणी घातलं की पुन्हा त्याच थरातून जंतू पाण्यात, म्हणून "कमी झालं की वरून घालायचं" ही पद्धत सगळ्यात वाईट आहे, त्यात पाणी कधीच नवीन होत नाही. आपलं नळाचं पाणी शुद्धीकरण होऊन क्लोरीन घालून येतं, पण तो क्लोरीन उघड्या भांड्यात किती टिकणार, हवेत उडतो, उन्हात जातो, बोटांवरचा घाम, तेल, धूळ, पावडर यांच्याशी लढण्यात संपतो. एक दिवसाने ते पाणी एकदम निराधार झालेलं असतं. त्यात रविवारच्या तीन मिस्सा, शेकडो बोटं, त्यातली लहान पोरांची तर पूर्ण मूठ आत असते. काही ठिकाणी पाणी सांडू नये म्हणून कुंडीत स्पंज ठेवतात, तो तुमच्याकडे असेल तर आधी काढा, ओला स्पंज म्हणजे जंतूंना राहायला हवं तेच.

तुमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी नक्की म्हणेल की आशीर्वाद देताना मीठ घालतात, मीठात काही जगत नाही. मीठ घालायची पद्धत आहे, खरंय, पण ते चिमूटभर असतं. लोणचं टिकतं ते भरपूर मीठाने, चिमटीने नाही. आणि कातडीवरचा जो स्टॅफिलोकोकस ऑरियस, गळवं करणारा, त्याला तर आम्ही लॅबमध्ये मुद्दाम साडेसात टक्के मीठ असलेल्या माध्यमावर वाढवतो, बाकीचे अडतात आणि तो मजेत वाढतो. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के खारट, म्हणजे हे माध्यम समुद्राच्या दुपटीहून जास्त खारट. एवढं खारट पाणी कुंडीत ठेवलं तर दगड आणि पितळ दोन्ही खराब होतील. मीठ विधीसाठी असू द्या, त्याच्यावर सफाईचा भार टाकू नका.

तांब्याचं जरा वेगळं आहे. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवलं की जंतू मरतात हे आपल्या आज्या सांगायच्या आणि ते खरं आहे, बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मुद्दाम जंतू घातलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवून बघितलं, जुलाब करणारे जंतू त्यात परत वाढवून मिळाले नाहीत. पण ते भांडं झाकलेलं, शांत, रात्रभर ठेवलेलं. दर अर्ध्या मिनिटाला नवीन बोट बुडतंय अशा कुंडीत तांब्याला तेवढा वेळच मिळत नाही, आणि आतून काळं पडलेलं, घासलं नसलेलं तांबं कमीच काम करतं. तरी कुंडीच्या आत बसणारी तांब्याची वाटी करून घेता आली तर चांगलंच, मुख्य म्हणजे ती उचलून नेऊन घासता येते. भांडी बाजारात माप देऊन कुणीही करून देईल. भिंतीत बसवलेली दगडी कुंडी घासणं किती अवघड असतं ते तुम्हाला आता माहितीच आहे.

साफ कसं करायचं ते सांगते. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकामी करायची, मोठ्या सणाला किंवा लग्नाच्या गर्दीनंतर दुसऱ्याच दिवशी. आधी ब्रश आणि भांड्याच्या साबणाने घासायचं, हे घासणं महत्त्वाचं कारण थर घासल्याशिवाय निघत नाही, औषध वरून ओतून उपयोग नाही. मग दगडी किंवा चिनी मातीची कुंडी असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, १ लिटर पाण्यात २० मिली, त्याने आतून ओलं करून दहा मिनिटं थांबायचं, मग दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि कोरड्या फडक्याने पुसून कोरडं होऊ द्यायचं. हातात ग्लव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा. पितळ, तांबं, चांदी असेल तर हायपोक्लोराइट नको, धातू खराब होतो, तिथे साबण आणि उकळतं पाणी. संगमरवराला लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर अजिबात लावू नका, दगड खाल्ला जातो आणि खडबडीत झाला की पुढच्या वेळी थर अजून लवकर धरतो, आणि टॉयलेट क्लीनर हायपोक्लोराइटबरोबर मिसळला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, बंद सॅक्रिस्टीत (अल्तारामागच्या तयारीच्या खोलीत) तर जीवावर बेतेल. भरताना अर्धी वाटीच भरा, काठोकाठ भरलेली कुंडी दिसायला छान दिसते पण ते पाणी संपत नाही म्हणून बदललंही जात नाही.

आणि ज्या मोठ्या ड्रममधून कुंड्या भरता, ज्यातून लोक घरी न्यायला बाटल्या भरतात, तो बघितलात का? बऱ्याच ठिकाणी ईस्टरच्या जागरणाच्या रात्री आशीर्वाद दिलेलं पाणी त्यात महिनोन्महिने असतं आणि लोक त्यात मग्गा बुडवतात. ड्रमला झाकण आणि खाली नळ हवा, मग्गा नको. पाणी कमी ठेवा आणि वरचेवर आशीर्वाद घ्या, फादरना दोन मिनिटं लागतात.

जुनं पाणी टाकायचं कुठे, यावर तुमच्या काकूंचा जीव अडकलाय आणि त्यांचं बरोबर आहे, ते गटारात जाऊ नये. त्यावर चर्चची जुनी रीत आहेच, आशीर्वादित पाणी जमिनीला परत द्यायचं. जुन्या चर्चमध्ये सॅक्रिस्टीत खास वेगळं बेसिन असतं ज्याची नळी गटाराला न जाता थेट मातीत जाते. तुमच्याकडे नसेल तर आवारातल्या झाडाच्या मुळाशी, जिथे कुणाचा पाय पडत नाही तिथे ओता. फक्त साबणाचं आणि औषधाचं पाणी वेगळं, ते झाडाला नको. काकूंनाच हे काम द्या असं मी सुचवेन, खरंच. आदराने पाणी मातीला द्यायचं काम त्यांच्या हातात आलं की ते फेकणं राहणार नाही.

श्रद्धा कमी झाली का, हे ज्यांनी विचारलं त्यांना दुखवायला नाही पण उत्तर द्यायला म्हणून दोन गोष्टी जवळ ठेवा. एक, पवित्र आठवड्यात गुरुवारनंतर कुंड्या रिकाम्या करायच्या आणि ईस्टरच्या रात्री नवीन पाण्याने भरायच्या ही चर्चचीच प्रथा आहे. म्हणजे कुंडी रिकामी करणं हा अपमान असता तर वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवसांत ते केलंच नसतं. दुसरं त्याहून थेट आहे. बाप्तिस्माविधीच्या प्रस्तावनेत चर्चनेच लिहून ठेवलंय की पाणी शुद्ध आणि स्वच्छ हवं, त्या खुणेचा अर्थ नीट दिसावा म्हणून आणि आरोग्यासाठीसुद्धा, बाप्तिस्म्याचं कुंड अगदी स्वच्छ हवं, आणि हवा थंड असेल तर पाणी आधी कोमट करायचीही सोय करावी. आरोग्यासाठी हे कारण तिथे आहेच, आपण बाहेरून आणलेलं नाही. बाप्तिस्म्याच्या बाळांसाठी दर वेळी ताजं पाणी घ्या हे त्यातूनच येतं, बाळ किती छोटं असतं, पाणी डोळ्यात, नाकात जातंच.

आणि ज्यांना यातलं काहीच पटणार नाही त्यांना डेंग्यू पटेल. पावसाळ्यात आपल्याकडे दर वर्षी घरोघरी डेंग्यूच्या बातम्या असतात, एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. घरचे कूलर, फुलदाण्या, फ्रिजमागचा ट्रे आपण रिकामा करतो तर कुंडी का नाही? शनिवार हा कुंड्यांचा कोरडा दिवस ठरवा, दुपारी रिकामी करून घासायच्या, वाळू द्यायच्या, रविवारच्या पहिल्या मिस्सेआधी भरायच्या. त्याच फेरीत अल्तारवरच्या आणि ग्रोटोसमोरच्या (मरियामातेच्या गुहेसमोरच्या) फुलदाण्यांचं पाणीही बदला, ते तुमच्याच ग्रुपकडे आहे. मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा असा एक ठराव पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगमध्ये मांडलात तर कुणाच्या श्रद्धेचा विषय निघणारच नाही.

कोरोनात २०२० मध्ये सगळ्याच कुंड्या कोरड्या झाल्या होत्या, आठवत असेल, आणि त्याच्याही आधी २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी इटलीत मिलानजवळच्या एका चर्चमध्ये हात खाली धरला की पाण्याचे थेंब पडतात असं सेन्सरवालं यंत्र बसवलं गेलं होतं. आपल्याला एवढं यंत्र नकोय पण छोट्या नळाची किंवा दाबायच्या पंपाची सोय करता आली तर बघा, एकाच्या बोटाचं पाणी दुसऱ्याला लागत नाही. मला स्वतःला कुंडीत बोट बुडवणंच आवडतं, आत शिरताना तो गार स्पर्श हवा असतो, तो जाऊ नये असंच वाटतं मला, म्हणून तर सफाईबद्दल एवढं लिहितेय.

हे नियम फक्त आपल्यालाच आहेत असंही सासूबाईंना वाटू देऊ नका. याच शहरात लोक रामकुंडावरून बाटल्या भरून नेतात, कुणाकडे गंगाजल असतं, कुणाकडे झमझम, आणि प्रत्येक घरात कुणीतरी आजारी असताना ती बाटली बाहेर निघते. जखमेवर नाही आणि आजाऱ्याला पाजायचं नाही, हे सगळ्या बाटल्यांना सारखंच.

आज संध्याकाळी एवढं करा. सासऱ्यांचं ड्रेसिंग कोरडं आहे का बघा, ओलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने बदला किंवा जवळच्या नर्सकडून बदलून घ्या. फादरना फोन. मुलाला जुलाब, उलट्या असं काही होत असेल तर ओआरएस सुरू करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कुंडीचं शनिवारी बघू, आणि शनिवारी घासताना तळाला तडा वगैरे दिसला तर मला परत लिहा, तड्यातला थर ब्रशने निघत नाही, त्याला वेगळं काहीतरी करावं लागेल.